गावच्या रस्त्यावरचे कंटेनर: बंदी मागायची कुणाकडे आणि कशी?

प्रश्न: साहेब, सप्रेम नमस्कार. मी भिवंडी तालुक्यात पडघ्याच्या बाजूच्या एका गावात राहते. नाव-गाव छापू नका. गावातल्या काही घरांनी जागा गोडाऊनला भाड्याने दिल्या आहेत, काहींचे स्वतःचे ट्रक आहेत, आणि आमचे रोजचे येणेजाणे आहे.

आमच्या गावातून जाणारा डांबरी रस्ता अरुंद आहे. समोरून एसटी आली की रिक्षा साईडपट्टीवर उतरवावी लागते. पूर्वी या रस्त्याने भाताच्या गाड्या, दुधाचे टेम्पो आणि एसटी एवढीच ये-जा होती. मग पलीकडच्या बाजूला गोडाऊने झाली. आता महामार्गावर कोंडी झाली की लांबलचक कंटेनर आमच्या फाट्यावरून आत वळतात आणि पलीकडे बाहेर पडतात. समृद्धी आमण्यापर्यंत सुरू झाल्यापासून हे जास्त जाणवते. त्यात खडीचे डंपर आहेतच. शाळेची मुले त्याच रस्त्याने चालत जातात. पावसात साईडपट्टीचा चिखल होतो, मग मुलांनी पाय ठेवायचा कुठे? मोरीचा एक कठडा गेला, पाण्याची पाइपलाइन फुटली, रस्त्याकडेच्या घरांना भेगा पडल्यात असे लोक सांगतात.

आम्ही महिलांनी ग्रामसभेत विषय लावला, ठराव झाला. एका कार्यालयात गेलो तर म्हणाले रस्ता आमचा नाही. दुसरीकडे म्हणाले पोलिसांकडे जा. तिथे म्हणाले वरून आदेश आणा. आता तरुण मुले म्हणतात उंच गाड्या अडवायला रस्त्यावर लोखंडी कमान ठोकू, कुणी म्हणतो फलक लावू, कुणी म्हणतो रास्ता रोको करू. ग्रामपंचायतीला बंदी घालता येते का? यातले नक्की काय करावे?

उत्तर: ताई, माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात, ठाणे जिल्ह्याच्या रस्त्यांवरच गेली. तुमच्यासारखे पत्र आले की मला तो रस्ता डोळ्यांपुढे दिसतो. म्हणून नेहमीपेक्षा सविस्तर लिहितो.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या अधिकारात अवजड वाहनांना बंदी घालता येत नाही. आदेशाशिवाय लावलेल्या फलकाला कायद्याचे बळ नसते. कमान ठोकू नका. रास्ता रोको आत्ता करू नका. त्यात गुन्हे आपल्याच मुलांवर दाखल होतात आणि कंटेनर संध्याकाळी पुन्हा सुरू होतात. ठराव मात्र जपून ठेवा, तो उपयोगी आहे.

बंदीचा अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ मध्ये आहे. सार्वजनिक सुरक्षितता, लोकांची सोय किंवा रस्त्याचे अथवा पुलाचे स्वरूप या कारणांसाठी राज्य शासन, किंवा शासनाने अधिकार दिलेला अधिकारी, एखाद्या रस्त्यावर ठरावीक प्रकारच्या वाहनांना पूर्ण किंवा अंशतः मनाई करू शकतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना निघते आणि कलम ११६ प्रमाणे फलक उभे राहतात. ग्रामीण भागात असे आदेश जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने आणि पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत वाहतूक शाखेच्या उपायुक्तांच्या सहीने निघतात. पावसाळ्यात घाटरस्ते अवजड वाहनांना बंद केल्याच्या बातम्या तुम्ही वाचता, त्यातले बरेच आदेश याच कलमाचे असतात.

या कलमात एक सोय आहे, तिच्याकडे फारसे कुणी बघत नाही. बंदी एक महिन्याहून जास्त काळासाठी नसेल तर राजपत्राची गरज नाही, स्थानिक पातळीवर पुरेशी प्रसिद्धी दिली की झाले. म्हणून कायमची बंदी पहिल्याच अर्जात मागू नका. एक महिन्याची प्रायोगिक बंदी मागा. कायमच्या आदेशावर सही करताना अधिकारी दहा वेळा विचार करतात. महिनाभर करून बघू म्हटले की चर्चा पुढे सरकते, आणि त्या महिन्यात जे दिसते तेच तुमचा पुढचा पुरावा होते.

आता हद्दीचा गुंता. पडघा पोलीस ठाणे ठाणे ग्रामीणच्या अधीक्षकांकडे येते. कोनगाव आणि नारपोली ही ठाणी मात्र ठाणे शहर आयुक्तालयात आहेत. भिवंडी तालुक्यात बऱ्याच ठिकाणी गाडी एका हद्दीत शिरते आणि दुसऱ्या हद्दीत बाहेर पडते. तुमच्या रस्त्याची दोन टोके कुठल्या हद्दीत आहेत ते आधी पाहा. वेगवेगळ्या हद्दीत असतील तर अर्ज जिल्हाधिकारी आणि वाहतूक उपायुक्त अशा दोन्हीकडे द्या आणि प्रत्येक अर्जावर दुसऱ्याची प्रत दिल्याचे लिहा. ‘आमचा नाही’ हे उत्तर देणे मग अवघड होते.

त्याआधी रस्ता कुणाचा हे कागदावर आणा. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी वर्गवारी आहे. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग बहुधा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. प्रत्येक रस्त्याला क्रमांक असतो. माहिती अधिकारात एवढेच विचारा: रस्त्याचा क्रमांक आणि वर्ग, डांबरी भागाची रुंदी, थरांची जाडी, किती वाहतूक धरून संकल्पन (डिझाइन) केले, शेवटचे काम कधी झाले आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपतो. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षे देखभाल ठेकेदाराकडेच असते. त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदार स्वतःच लेखी सांगेल की अवजड वाहनांमुळे उखडला. ते पत्र मिळवा.

हा कागद मी इतका का मागतो आहे ते सांगतो. कलम ११५ मध्ये रस्त्याचे स्वरूप हे कारण आहे, आणि तुमची खरी बाजू तिथेच आहे. एकेरी ग्रामीण रस्त्याचा डांबरी भाग सर्वसाधारणपणे ३.७५ मीटर रुंद असतो. मालवाहू गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर आरसे न धरताही ५.२ मीटर हवेत. म्हणजे एक गाडी साईडपट्टीवर उतरणारच, आणि साईडपट्टीवर तर मुले चालतात. हे गणित अर्जात जसेच्या तसे लिहा. ‘आम्हाला त्रास होतो’ या वाक्यापेक्षा ते जास्त बोलते.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या पोटातली. ग्रामीण रस्त्यात खाली मुरूम, वर खडीकरणाचे थर, आणि सगळ्यात वर बहुधा २० मिलिमीटरचे कार्पेट (डांबर-खडीचा पातळ थर) व त्यावर पाणी अडवणारा सीलकोट असतो. हा रस्ता एसटी, टेम्पो, ट्रॅक्टर आणि अधूनमधून येणाऱ्या ट्रकसाठी असतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर ट्रक सतत चालवून मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम आजही जगभर वापरतात: रस्त्याची झीज आसावरच्या (चाके जोडणाऱ्या दांड्यावरच्या, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या) वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. आसावरचे वजन दुप्पट झाले तर झीज दुप्पट होत नाही, सोळा पट होते. आपल्याकडे २०१८ साली एका आसावरची कायदेशीर मर्यादा, चार टायरच्या मागच्या आसासाठी, १०.२ टनांवरून ११.५ टन केली. ऐकायला वाढ किरकोळ वाटते. या नियमाने मोजली तर तेवढ्यानेच झीज दीडपटीच्या वर जाते. आणि हे कायद्यात बसणाऱ्या गाडीचे झाले.

पावसाळ्यात हे सगळे आणखी बिघडते. तुमच्या भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरे असतात, पाणी मुरमात शिरते, कडेचा आधार जातो आणि डांबराची कड खचू लागते. कडेला ट्रेलरचे चाक पडले की तुकडा निघतो. एकदा कड गेली की गाड्या मधून चालतात आणि मधला भागही जातो. म्हणून महिन्याची प्रायोगिक बंदी जुलै महिन्यासाठी मागा. तेव्हा रस्ता सगळ्यात कमजोर असतो आणि शाळाही सुरू असते.

आता पुरावा. गाड्या मोजा, पण नुसत्या मोजू नका. ‘रोज शेकडो गाड्या जातात’ असे लिहिलेला अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून राहतो, कारण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळत नाही: या गाड्या गावात येतात की गावातून जातात? तुमच्याच गोडाऊनला माल आणणारी गाडी थांबवता येणार नाही. जिचा गावाशी संबंध नाही, जी कोंडी चुकवायला आत शिरली, तिला थांबवायचे आहे. हे सिद्ध करायची सोपी रीत अशी. रस्त्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन मुलींना वह्या घेऊन बसवा, रस्त्यापासून आत, सुरक्षित जागी. प्रत्येक अवजड गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे, वेळ आणि आसांची संख्या लिहा. संध्याकाळी दोन्ही वह्या समोरासमोर ठेवा. जो नंबर एका टोकाला आला आणि रस्ता पार करायला लागतो तेवढ्याच वेळात दुसऱ्या टोकाला निघाला, ती आरपार जाणारी गाडी. एक कामाचा दिवस, एक शनिवार आणि एक रात्र अशी नोंद पुरेल. आरपार गाड्यांचा हिस्सा आकड्यात दाखवलात की विरोध करणाऱ्यांचे अर्धे म्हणणे तिथेच संपते, आणि ट्रकवाल्या शेजाऱ्यांनाही कळते की बंदी त्यांच्यावर नाही.

त्या शेजाऱ्यांना सुरुवातीपासून सोबत घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. भिवंडीत गोडाऊने का वाढली हे तुम्हाला ठाऊकच आहे: मुंबईच्या जकातीबाहेरची जागा, बंदराकडून आणि नाशिककडून येणारा रस्ता, स्वस्त जमीन. जकात २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेली, गोडाऊने राहिली आणि वाढली. त्यावर आज आपल्याच घरांची पोटे भरतात. गोडाऊनच्या व्यवस्थापकाला भेटून सांगा की वाहतूकदाराला काम देताना मार्ग लेखी द्यावा: महामार्गाने यावे, गावातून येऊ नये. माल पाठवणाऱ्याने मार्ग बांधून दिला तर चालक तो सहसा मोडत नाही. आदेश निघण्याआधीच यातून काही गाड्या कमी होतील.

पर्यायी मार्गही तुम्हीच दाखवा. ठाणे शहरात अवजड वाहनांना ठरावीक वेळेतच प्रवेश असतो. वेळ होईपर्यंत गाड्या बाहेर थांबतात, आणि कोंडी झाली की चालक आतले रस्ते शोधतात. तुमचा रस्ता बंद झाला आणि पर्याय नसला तर तेच कंटेनर पुढच्या गावातून जातील आणि वर्षभरात त्या गावचे लोक तुमच्याविरुद्ध अर्ज देतील. दोन्ही बाजूंच्या गावांना आधीच बोलवा. तीन ग्रामपंचायतींचे ठराव एकत्र गेले आणि सोबत नकाशावर पर्यायी मार्ग आखलेला असला, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत विषय घेणे सोपे जाते. त्या समितीत पोलीस, आरटीओ आणि बांधकाम विभाग एका टेबलाशी बसतात. तुम्हाला एकेका दारात जे उत्तर मिळाले, ते तिथे देता येत नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथेही अर्ज द्या आणि पोच घ्या.

मागणीचा मसुदा असा ठेवा: ‘अमुक फाटा ते अमुक गाव, रस्ता क्रमांक अमुक, या ३.७५ मीटर रुंदीच्या रस्त्यावर तीन व त्याहून अधिक आसांच्या मालवाहू वाहनांना एक महिना मनाई करावी. या रस्त्यावरील गावांत माल पोचवणारी व तेथून माल नेणारी वाहने, एसटी, अग्निशमन, रुग्णवाहिका, पाण्याचे टँकर, गॅस सिलिंडरच्या गाड्या आणि शेतमालाची वाहने वगळावीत. वगळलेल्या मालवाहू वाहनांनाही शाळा भरताना आणि सुटताना प्रत्येकी एक तास प्रवेश नसावा. पर्यायी मार्ग: …’ रुंदी तुमच्या कागदावर जी निघेल ती घाला. हा मसुदा तुम्ही तसाच वापरलात तरी चालेल.

कमान का नको, तेही सांगतो, कारण मुले ऐकणार नाहीत असे पत्रावरून वाटते. खडीचा भरलेला डंपर आणि एसटी यांच्या उंचीत फारसा फरक नाही. जी कमान डंपर अडवेल ती एसटीही अडवेल, आणि जिच्याखालून एसटी जाईल तिच्याखालून डंपरही जाईल. भिवंडीत गोडाऊनला आगी लागतात हे सगळ्यांनी पाहिले आहे. अग्निशमनचा बंब कमानीपाशी अडला तर त्याची जबाबदारी कमान ठोकणाऱ्यावर येईल. रात्री दुचाकीवाला खांबावर आदळला तरी तेच. पुढे खात्याने विचार करून कमान उभारली तर ती त्यांची जबाबदारी. ग्रामस्थांनी तो धोका अंगावर घेऊ नये.

खडीच्या डंपरचा प्रश्न वेगळा आहे आणि तो बंदीची वाट न पाहता सुरू करता येतो. खडी ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि खडीचे वजन ब्रासला साधारण सव्वाचार टन भरते. दहा टायरच्या, म्हणजे तीन आसांच्या डंपरचे कायद्याने एकूण वजन गाडीसकट २८.५ टनांच्या वर जाऊ नये. रिकामा डंपर अकरा टनांच्या आसपास धरला तर चार ब्रास आत बसतात. सहा ब्रास भरले की एकूण छत्तीस टनांच्या वर गेले. कलम १९४ मध्ये जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. दंड फक्त चालकाला नाही, गाडी तशी चालवायला लावणाऱ्यालाही आहे. आरटीओच्या वायुवेग पथकाकडे (रस्त्यावर फिरून गाड्या तपासणाऱ्या पथकाकडे) ठरावीक वेळ आणि जागा लिहून तपासणी मागा. गौण खनिजाचा (खडी, मुरूम, वाळू यांचा) वाहतूक परवाना आहे का, ते तपासणे तहसीलदारांचे काम. अर्ज त्यांनाही द्या. तुम्ही स्वतः गाडी अडवून परवाना मागू नका.

मोरीचा कठडा आणि पाइपलाइन यांचा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) पंचनामा करून घ्या, फोटो जोडा. मोरीबद्दल बांधकाम विभागाकडे स्वतंत्र पत्र द्या आणि तिची भारक्षमता लेखी मागा. मोरी कमजोर निघाली तर तेवढ्या एका कारणावर आदेश निघू शकतो. घरांच्या भेगांवर अर्ज उभा करू नका. भेग कशाने गेली हे सिद्ध करणे फार अवघड असते, आणि तो वाद तुमचे बाकीचे भक्कम मुद्देही मागे ओढतो.

प्रश्न: मी कळंबोलीचा ट्रेलरचालक. न्हावाशेवा बंदरातून चाळीस फुटी कंटेनर घेऊन भिवंडीला जातो. तुमच्या सदरात गाववाल्यांचे प्रश्न येतात, आमचे येत नाहीत. मोबाईलवरचा नकाशा जवळचा रस्ता दाखवतो, आम्ही वळतो, आत गेल्यावर ‘अवजड वाहनांना बंदी’ असा फलक दिसतो. मागे घ्यायला जागा नसते, गावकरी गोळा होतात, शिव्या खाव्या लागतात, कधी हात उगारतात. आम्ही काय करायचे?

उत्तर: भाऊ, तुमचे पत्र मुद्दाम वरच्या पत्राच्या जोडीला छापायला सांगितले आहे. वरच्या ताईंनीही ते वाचावे.

चाळीस फुटी कंटेनर एकटाच १२.२ मीटर लांब असतो, पुढे इंजिनाची केबिन वेगळी. असा ट्रेलर ३.७५ मीटरच्या रस्त्यावर वळवता येत नाही आणि रात्री मागे घेणे जीवघेणे आहे. म्हणून बंदीचा पहिला फलक फाट्याच्या अलीकडे, महामार्गावरच हवा, वळायच्या आधी वाचता येईल इतका आधी, रात्री चमकणारा, आणि त्यावर पर्यायी मार्गाचा बाण हवा. फाट्यावर दुसरा फलक. आत गेल्यावर दिसणारा फलक चालकाला अडकवतो, वाहतूक थांबवत नाही. ताई, तुमच्या अर्जात फलकांच्या जागाही लिहा.

तुम्हाला, भाऊ, एवढेच सुचवतो. मोबाईलवरचा साधा नकाशा मोटार धरून रस्ता दाखवतो. रस्ता किती रुंद आहे, मोरी किती वजन पेलेल, हे त्यात धरलेले नसते. भिवंडीत नवीन पत्त्यावर जाताना निघण्याआधी गोडाऊनला फोन करून ‘ट्रेलर कुठल्या बाजूने आणू’ असे विचारा आणि उत्तर मेसेजवर मागा. फाट्यावर आदेशाचा फलक असेल तर वळू नका, मालक फोनवर काहीही म्हणो. फलकावरचा आदेश मोडल्याची पावती तुमच्या नावावर फाटते. फलक नसताना आत अडकलात तर गाडी जागेवर उभी करा, इंडिकेटर लावा, ११२ ला फोन करा आणि पोलीस आल्यावर त्यांच्या देखरेखीखाली गाडी काढा. अंगावर कुणी हात टाकला तर तक्रार द्या, तो तुमचा हक्क आहे. आणि फाट्यावर फलक नाही असे दिसले तर त्या जागेचा फोटो काढून वाहतूक शाखेला पाठवा. चालकाच्या नावाने आलेली अशी तक्रार गावच्या अर्जाइतकीच कामाची असते.